संगणक नावाची बाई

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत आम्ही माईक घेऊन बसलो होतो. गटाचा हिशोब आता वहीबरोबर मोबाईलमध्येही भरायचा, यावर बोलणं चाललं होतं. एक ताई म्हणाल्या, "ते कॉम्प्युटरचं काम पुरुषमाणसांचं. आपल्याला आपली वही बरी." त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, "पण काय हो, हा कॉम्प्युटर काढला कुणी?" सगळ्या हसल्या आणि विषय कर्जाच्या हप्त्यावर गेला. आमच्या डोक्यात मात्र तो प्रश्न बसून राहिला. पुस्तकं चाळली, विचारपूस केली. जे सापडलं ते आज सांगतो.

पहिली गंमत अशी की कॉम्प्युटर हे आधी यंत्राचं नाव नव्हतंच. ते माणसाच्या कामाचं नाव होतं. सुईण, सुतार, शिंपी म्हणतो ना, तसं. इंग्रजी मुलखात दोनशे-तीनशे वर्षं कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. आपल्याकडेही गणक म्हणजे गणित मांडणारा, पंचांग सांगणारा माणूस. संगणक हा शब्द त्याच कुळातला. जहाजांना वाट दाखवायला ग्रहताऱ्यांची कोष्टकं लागायची, विमा कंपन्यांना व्याजाची लागायची, आणि ती सगळी कुणीतरी बसून हातानं करायची. आपले आजे-पणजे पावकी, निमकी, औटकी पाठ म्हणायचे, त्याच जातीचं काम. फक्त ढीग डोंगराएवढा.

दुसरी गंमत म्हणजे या कॉम्प्युटरांत बायका पुष्कळ होत्या.

फ्रान्समधली गोष्ट घ्या. एडमंड हॅली नावाच्या इंग्रज विद्वानानं सांगून ठेवलं होतं की अमुक एक शेंडेनक्षत्र पुन्हा पुन्हा येतं, आणि आता १७५८ च्या सुमाराला दिसेल. हॅली वारला. शेंडेनक्षत्र येणार कधी, हे नेमकं कुणाला सांगता येईना, कारण वाटेत गुरू आणि शनी त्याला आपल्याकडे ओढतात आणि उशीर करतात. तो उशीर किती, हे काढायला १७५७ मध्ये पॅरिसला तीन माणसं बसली. अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत. लपोतबाई राजाच्या घड्याळजीची बायको. गणिताची आवड त्यांना लहानपणापासूनची. दीडशे वर्षांचा प्रवास तुकड्या-तुकड्यानं मोजायचा होता. तिघं सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत गणितं करत होती, कधी कधी जेवतानासुद्धा. उत्तर निघालं, की शनीमुळे शंभर दिवस आणि गुरूमुळे पाचशे अठरा दिवस उशीर. म्हणजे १७५९ च्या एप्रिलच्या मध्यावर ते सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल, महिनाभर मागंपुढं होऊ शकेल. ते आलं १३ मार्चला. कागदावर हातचे घेत घेत एवढं जवळ जाणं काही सोपं नव्हतं.

मग क्लेरोंचं पुस्तक निघालं. त्यात लपोतबाईंचं नाव नव्हतं. लालांदांनी मात्र नंतर स्वच्छ लिहून ठेवलं, की त्या नसत्या तर एवढं काम अंगावर घ्यायची आपली छाती झाली नसती. त्यामुळे निदान आज आपल्याला त्यांचं नाव सांगता येतं. हेच शेंडेनक्षत्र १९८६ मध्ये पुन्हा आलं होतं, तुमच्यातल्या कुणाकुणाला आठवत असेल. आता यायचं ते २०६१ मध्ये.

आता सव्वाशे वर्षं पुढं येऊ आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ. विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडमधून तिकडं गेलेली तरुण बाई. नवऱ्यानं टाकली, तेव्हा पोटात मूल. हार्वर्डच्या वेधशाळेचे प्रमुख एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी ती मोलकरीण म्हणून राहिली. १८८१ मध्ये पिकरिंगनी तिला वेधशाळेत कामाला घेतलं. पुढं तिच्यासारख्या कितीतरी बाया तिथं आल्या. दुर्बिणीनं रात्रभर काचेच्या पाट्यांवर ताऱ्यांची छायाचित्रं घ्यायची, आणि दिवसा या बायांनी भिंगातून एकेक ठिपका बघून त्याची जात ठरवायची, जागा मोजायची, वहीत लिहायची. फ्लेमिंगबाईंनी दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची अशी वर्गवारी केली. घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा आकाशातला तो काळा ढग १८८८ मध्ये पहिल्यांदा एका पाटीवर ओळखला, तोही त्यांनीच.

मजुरी? सुरुवातीला अशा बायांना तासाला पंचवीस सेंट. पुढं फ्लेमिंगबाई वरच्या पदावर गेल्या तरी १९०० सालच्या रोजनिशीत त्यांनी आपला राग लिहून ठेवलाय. त्यांना वर्षाला दीड हजार डॉलर आणि पुरुष मदतनिसांना अडीच हजार. तक्रार केली की साहेबांचं उत्तर ठरलेलं, बाईमाणसाच्या मानानं तुमचा पगार चांगलाच आहे. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "अगं, ही तर आपल्याकडच्या खुरपणीची मजुरी झाली."

ही झाली माणसांची गोष्ट. यंत्राची गोष्ट सुरू होते ती दुसरीकडून, विणकराच्या मागावरून. फ्रान्सच्या लियाँ गावात जोसेफ जॅकार यांनी १८०४ च्या सुमाराला एक माग काढला. त्याला पुठ्ठ्याच्या पानांची माळ जोडलेली. पानावर भोकं. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. पानांची माळ बदलली की नक्षी बदलली. सोलापुरी चादर तुमच्या घरात असेल, तिच्यावरची नक्षी याच जेकॉर्डच्या मागावरची. 'भोक आहे' आणि 'भोक नाही' एवढ्या दोनच खुणांत फुलं, पानं, मोर सगळं मावतं. ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी उचलली आणि आकडेमोड करणाऱ्या मोठ्या यंत्राचा आराखडा काढला. त्या यंत्राला हुकूम द्यायचा तो भोकांच्या पानांनीच. यंत्र काही पुरं झालं नाही. पण त्याला पायरीपायरीनं काम कसं सांगायचं, याची मांडणी १८४३ मध्ये एडा लव्हलेस या बाईंनी छापली. सही केली फक्त आद्याक्षरांची. त्यांनी एक गोष्ट तेव्हाच बजावली, की हे यंत्र आपल्या मनानं काही नवं काढणार नाही, आपण जे सांगू शकतो तेवढंच करील. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. तोफ डागणाऱ्या सैनिकाजवळ एक कोष्टक असायचं. गोळा किती लांब टाकायचा, वारा कसा, हवा थंड की गरम, त्यावरून तोफेचं तोंड किती वर करायचं ते त्यात बघायचं. नवी तोफ आली की नवं कोष्टक. एका गोळ्याची वाट हातानं काढायला तीस-चाळीस तास लागत, आणि एका कोष्टकात अशा शेकडो वाटा. पुरुष लढाईवर गेलेले. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात गणित शिकलेल्या मुलींना या कामाला बसवलं. त्यांच्या पदाचं नाव होतं कॉम्प्युटर.

याच विद्यापीठात हे काम आपोआप करणारं विजेचं यंत्र बांधायला घेतलं. त्याचं नाव एनियॅक. वजन तीस टनांच्या आसपास. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, तसले सुमारे अठरा हजार त्यात होते. एक मोठी खोली त्यानं भरून गेली. यंत्र बांधलं पुरुष इंजिनिअरांनी. पण त्याच्याकडून काम करून कसं घ्यायचं? त्यासाठी १९४५ मध्ये त्या मुलींतल्या सहाजणी निवडल्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. नावं सगळी घेतो, कारण ती पुष्कळ वर्षं कुणी घेतलीच नाहीत.

यातली के ही आयर्लंडमधल्या खेड्यातली, आईवडील तिला घेऊन अमेरिकेत आले तेव्हा तिला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. बेटी जेनिंग्ज शेतकऱ्याची पोर, सात भावंडांतली. युद्धातलं गुपित म्हणून या सहाजणींना सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. हातात दिले ते तारांच्या जोडणीचे नकाशे. शिकवणारं पुस्तक नाही, कारण असलं यंत्र त्याआधी नव्हतंच. नकाशे जमिनीवर पसरायचे, इंजिनिअरला गाठून प्रश्न विचारायचे, आणि आपल्या हाताच्या गणिताची एकेक पायरी यंत्राच्या कोणत्या भागात बसेल ते शोधायचं. तेव्हा यंत्राला हुकूम म्हणजे जाड जाड तारा इकडून काढून तिकडं खोचणं आणि हजारो बटणं योग्य जागी फिरवणं. आज ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, ते हे. त्यांच्या पदाचा दर्जा सरकारी कागदावर होता तज्ज्ञाच्या खालचा.

फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र लोकांना दाखवायचं ठरलं. दाखवायचा प्रयोग म्हणजे एका तोफगोळ्याची वाट. तो मांडायचं काम दोन्ही बेटींकडं. आदल्या रात्री सगळं नीट चाललं, फक्त एक भानगड. गोळा जमिनीवर पडला की हिशोब थांबायला हवा, तर तो थांबेना. यंत्राच्या हिशोबात गोळा जमिनीत घुसून खाली खालीच चालला होता. रात्र झाली, दोघी घरी गेल्या. बेटी स्नायडरला पहाटे झोपेतच सुचलं. सकाळी लवकर येऊन तिनं तीन हजार बटणांतलं नेमकं एक बटण एक घर पुढं सरकवलं आणि गोळा जमिनीवर थांबला. यंत्रानं सांगितलेलं तेवढंच केलं होतं, सांगण्यात एका बटणाची चूक होती.

प्रयोग झाला. खरा गोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ घेतो, त्याच्याआधी यंत्रानं त्याची वाट काढून दाखवली. टाळ्या पडल्या. रात्री मोठी मेजवानी होती. सहाजणींतल्या एकीलाही बोलावणं नव्हतं. त्या थंडीच्या त्या घरी गेल्या.

पेपरात फोटो छापले. यंत्रापुढं बाया उभ्या, नावं कुणाची नाहीत. चाळीस वर्षांनी कॅथी क्लेमन नावाच्या एका विद्यार्थिनीनं तो फोटो बघून विचारलं, या कोण? तिला सांगितलं गेलं, की यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल आहेत, फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. तिला पटलं नाही. तिनं त्यांच्यातल्या काहीजणींना हुडकून काढलं, त्यांच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं, आणि १९९७ मध्ये त्या सहाजणींचा एकत्र मान झाला. तोवर त्यांच्यातल्या ज्या हयात होत्या, त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सुई-दोऱ्याची आहे. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्या यानातल्या संगणकाचा कार्यक्रम चुंबकीय कड्या आणि तांब्याच्या तारेनं विणून ठेवला होता. तार कडीतून गेली तर एक, बाजूनं गेली तर शून्य. म्हणजे पुन्हा मागावरच्या भोकाचीच युक्ती. हे विणणाऱ्या होत्या अमेरिकेतल्या वॉल्थम गावच्या कारखान्यातल्या बाया. सुईत तार ओवून, हातानं. एक टाका चुकला तर चंद्राची वाट चुकायची. आमची एक श्रोती म्हणते तिला गोधडी शिवताना टाका मोजायची सवय आहे. तिला हे काम बसल्या जागी जमलं असतं, असं आमचं मत.

मग एवढ्या बाया होत्या तर गेल्या कुठं? याचं उत्तर आम्हाला सगळ्यात जास्त बोचलं. यंत्राला काम सांगणं म्हणजे कारकुनी, असं वाटत होतं तोवर ते बायांचं होतं. त्यात डोकं लागतं, पैसा आहे, असं कळलं तसे पुरुष आले, पगार वाढले, दर्जा वाढला. तरी १९८४ पर्यंत अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत शंभरात सदतीस मुली होत्या. त्यानंतर आकडा उतरत उतरत अठरापर्यंत आला. असं का, याचा शोध घेणाऱ्यांना एक साधी गोष्ट दिसली. त्याच सुमाराला घरोघरी छोटे कॉम्प्युटर आले. जाहिरातीत बसायचा मुलगा, आणि घरात आणलं की ठेवायचं तेही मुलाच्या खोलीत. कॉलेजात येईपर्यंत मुलाचा हात बसलेला, मुलगी पहिल्यांदाच बघतेय. मग ती म्हणायची, हे माझं काम नाही.

हे वाचलं आणि आमच्या डोळ्यांपुढं आपल्या घरातला मोबाईल आला. घरात एकच चांगला मोबाईल असेल तर तो कुणाच्या खिशात असतो? पोरगा अभ्यासाला म्हणून मागतो तेव्हा हातात देतो. पोरगी मागते तेव्हा विचारतो, "कशाला?"

आपल्या देशात मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० च्या सुमाराला आपल्या लोकांनी संगणक बांधला, पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. पुढं बँकेत, विमा कचेरीत ही यंत्रं आली तेव्हा नोकऱ्या जातील म्हणून संघटनांनी विरोध केला. आता तर रेशनच्या दुकानात अंगठा लावायलाही तेच यंत्र. ते आपल्या दारात आलं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. त्याला हुकूम देणारा हात कुणाचा, एवढं बघायचं राहिलंय.

आमच्या गावातलंच सांगतो. एका गटाची माहिती मोबाईलमध्ये भरली जात होती. गटात वही लिहिणाऱ्या ताईंना मोबाईल वापरता येईना, म्हणून त्यांनी एका घरच्या माणसाला सांगितलं, "तू भर." त्यानं घाईत एका बाईच्या कर्जापुढं एक शून्य जास्त टाकलं. पाच हजारांचे झाले पन्नास हजार. यंत्रानं काही विचारलं नाही. पुढच्या बैठकीला आकडे वाचून दाखवले, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "थांब. तिनं पन्नास घेतलेच नाहीत. पोराच्या दवाखान्याला पाच घेतले, त्यातले दोन फेडले, मी शेजारी बसले होते." आजींना अक्षर येत नाही. पण गटातल्या प्रत्येकीचं घेणं-देणं त्यांच्या तोंडात आहे. चूक सुधारायला तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या, आणि तेवढे दिवस त्या बाईचं पुढचं कर्ज अडकून राहिलं. खताचे दिवस होते.

त्यानंतर त्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या. मोबाईलमध्ये आकडा भरायचा तो बैठकीतच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून, आणि आजींनी मान हलवल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. आणि वही लिहिणाऱ्या ताईंनी स्वतः शिकायचं. पहिले दोन महिने त्यांचा हात थरथरायचा, आता एका बैठकीची नोंद त्या वीस मिनिटांत करतात. तिसरा मुद्दा अजून वादात आहे. ताईंचं म्हणणं, वही लिहिणं, मोबाईल भरणं हे काम आहे, फुकटचं नाही, गटानं महिन्याला त्याचे काही द्यावेत. काहीजणी म्हणतात, "बसल्या बसल्या तर करतेस." ताईंनी त्यांना विचारलं, "मग तू बस की." त्यावर कुणी बसलं नाही.

मंगळवारी दुपारी तीन वाजता आमच्या केंद्रावर मोबाईलमध्ये हिशोब भरायचा सराव आहे. ज्यांच्याकडं वही असते त्यांनी वही आणा. घरातला मोबाईल आणायला जमलं तर आणा, नाही जमलं तरी या, आमच्याकडं दोन आहेत. आणि गटात अशी तोंडी हिशोब असणारी आजी असेल, तर तिला घेऊनच या.